आमच्या बँडमध्ये मिडी शिरली

लग्नसराई संपली की बँडवाल्याकडे दोन गोष्टी साठतात. घामेजलेले झगमगीत कोट आणि किस्से. कोट धोब्याकडे जातात, किस्से कुठे टाकणार? ते चहाच्या टपरीवर उकळत राहतात आणि दर उकळीला थोडे घट्ट होतात. गेल्या दोन-तीन सीझनमध्ये आमच्याकडे इतके साचलेत, की नवीन माणूस दिसला की आम्ही आधी त्याला बाकड्यावर बसवतो. त्यातले निम्मे किस्से मला स्वतःलाच अजून समजलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी!

आमची पार्टी परतूरची. मी संजय. दिवसा मोबाईल रिपेअर करतो आणि लग्नात बँडच्या गाडीवर बसून पेटी वाजवायचो. ढोल रफिकभाईंचा. भोंगे, जनरेटर, वायरी हे खातंही त्यांचंच. आणि पार्टीचे मालक म्हणजे दगडूमामा. मामा क्लॅरनेट वाजवायचे. नवरी निघाली आणि मामांनी पाठवणीची धून धरली की नवरदेवाकडची माणसंसुद्धा रुमाल शोधायची. एका लग्नात तर वाढपी रडले होते, आणि जिलेबी तशीच राहिली म्हणून यजमान रडले होते.

मग मामांच्या छातीचं ऑपरेशन झालं. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "मामा, आता फुंकणं बंद. बिलकुल बंद. वाद्य तोंडाला लावलंत तर मी जबाबदार नाही."

मामांनी घरी येऊन क्लॅरनेट पेटीत ठेवलं आणि तीन-चार दिवस ते टपरीवर आलेच नाहीत. कारण नातीचं, राणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं होतं. मामांच्या घराण्यात पोरीची पाठवणी भाड्याचा माणूस वाजवत नाही. घरातला सगळ्यात थोरला वाजवतो. मामांच्या बहिणीची त्यांच्या वडिलांनी वाजवली, लेकीची मामांनी. आता राणीची कोण वाजवणार, हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

तोड काढली रफिकभाईंनी. "सिंथेसायझर घेऊ. त्यात क्लॅरनेटचा आवाज ऱ्हातो म्हणे. मामा नुसते बोटं फिरवतील."

संभाजीनगरच्या एका फुटलेल्या ऑर्केस्ट्राकडून आम्ही ते सेकंडहँड मशीन आणलं. सोबत ताल देणारं एक छोटं मशीन फुकट मिळालं. आणि इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक. सगळ्यांनी ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"मला काय कळतंय यातलं?"

"काऊन? तू मोबाईल उघडतो ना?" मामा म्हणाले. "मंग हा मोठा मोबाईल समज!"

*

पहिल्याच दिवशी रफिकभाईंनी मशीनच्या मागची पाच टाचण्यांची एक तार उचलली आणि थेट ॲम्प्लिफायरकडे निघाले. तीस वर्षं भोंगे बांधणारा माणूस. तार दिसली की ती भोंग्याकडेच जाणार!

मी म्हटलं, "भाई, ती मिडीची तार. तिच्यातून आवाज जात नाही."

"मंग काय जातं?"

मी पुस्तक उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "हुकूम जातो. एक मशीन दुसऱ्याला सांगतं, ही पट्टी वाजव, एवढ्या जोरात वाजव, आता सोड. आवाज काढायचं काम त्या दुसऱ्याचं."

रफिकभाईंनी तारेचं टोक कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग मामांकडे बघून म्हणाले, "मामा, निजामाचं राज गेलं, पण हुकूम अजून तारेतूनच येऊन राह्यला!"

*

धावड्याला एका पूजेच्या भजनाला मशीन नेलं. तिथले मुख्य गाणारे अण्णा म्हणजे काळी चारचे गवई. आपल्याकडे गाणाऱ्याची ओळख त्याच्या पट्टीवरून. आडनाव नंतर.

आता काळी चारवर बोटं टाकायची म्हणजे मी पहिल्यापासून अडखळतो. पण मशीनमध्ये ट्रान्सपोज नावाची सोय आहे. एकदा आकडा बदलला की बोटं पांढऱ्या पट्ट्यांवरच फिरवायची, आवाज मात्र काळी चारचा निघतो. मी आकडा बदलला आणि पांढरी एक दाबून सूर दिला.

अण्णांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि टाळ खाली ठेवले. "ए भाऊ, मी काळी चारचा माणूस हाय. तू पांढरी एक दिऊन राह्यला."

"अण्णा, आवाज काळी चारचाच आहे. ऐका तर."

"ऐकू काय? मला दिसून राह्यलं ना! डोळे फुटले न्हाईत माझे. एवढ्या खाली गायलं तर गळा बसंल माझा!" आणि सांगतो ते खोटं वाटेल, पण त्यांनी एक ओळ गाऊन दाखवली आणि त्यांचा गळा खरंच बसला!

सगळं भजन खोळंबलं. शेवटी रफिकभाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातांवर टाकला. मी टॉवेलखालून तीच पांढरी एक दाबली.

अण्णांनी डोळे मिटले आणि असे गायले, असे गायले, की मंडप गप्प. उतरताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता बराबर हाय. पयलेच काळी चार दिली असती तर?"

*

परतुरात सुगनचंदजी आहेत. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत, घराणं चार-पाच पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं. दर वर्षी घरी जैन स्तवनांचा कार्यक्रम करतात आणि त्यांना आमच्या पार्टीवाचून चालत नाही. या वेळी ते मला म्हणाले, "मास्टरजी, शांत पाहिजे. बासरीसारखं. जेवणाआधी मन शांत झालं पाहिजे लोकांचं."

मी घरून धून भरून नेली होती. मिडीत सोळा चॅनल असतात, एकेका चॅनलवर एकेक वाद्य. मी धून टाकली दहाव्यावर. का? तर नऊ झाले की दहा येतो म्हणून! मला काय माहीत, की दहावा चॅनल जगभर ढोल-ताशांसाठी राखून ठेवलेला असतो. तिथे प्रत्येक पट्टीवर एकेक ताल वाद्य बसवलेलं. कुठे बोंगो, कुठे खुळखुळा, कुठे शिट्टी.

सगळे डोळे मिटून बसले. मी बटण दाबलं. धडाड्-टक्-टुंग्, खुळ्-खुळ्, आणि वरचा सूर लागेल तिथे पोलिसासारखी शिट्टी!

मला बटण सापडेना. घामाने बोटं घसरायला लागली. मागच्या रांगेतली जावईमंडळी तर खांदे उडवायला लागली होती. कसंबसं बंद केलं आणि मान खाली घालून बसलो. आता सुगनचंदजी काय बोलतात!

ते हळूच पुढे झुकले. "मास्टरजी, धून चांगली आहे. पण शब्द कुठं बसवायचे?"

*

शहागडला हायवेवर एका हॉटेलचं उद्घाटन होतं. मी उसन्या आणलेल्या छोट्या कीबोर्डवर पट्ट्या दाबत होतो आणि मिडीच्या तारेने जोडलेलं आमचं मशीन आवाज काढत होतं. पुढारी आले, हार झाले. पुढारी बोलायला उभे राहणार तेवढ्यात कोणाचा तरी पाय अडकून मिडीची तार निसटली. आणि सूर लागला तो लागलाच! पट्टीवरून बोट उचललं तरी आवाज सुरूच. ऊंऽऽऽ!

रफिकभाई धावत आले. "काय झालं?"

"वाजव म्हणून हुकूम गेला. थांब म्हणायच्या आधी तार निघाली. आता तो थांबत नाही."

"आता?"

"पुस्तकात बघावं लागंल."

"मंग बघ ना जल्दी!"

पुस्तक घरी. इकडे पुढाऱ्यांना वाटलं, आपल्यासाठी खास तानपुरा लावलाय. त्यांचा आवाज त्या सुरात असा काही लागला, की रस्ता, पाणी, कापसाचा भाव, आजोबा, पणजोबा, सगळं आलं. ट्रकवाले गाड्या थांबवून उभे. भजी गार झाली. कोणीतरी मला खुणेने म्हटलं, बंद करा ना! मी खुणेने सांगितलं, होत नाही.

शेवटी रफिकभाईंनी जनरेटरच बंद केला. सूर थांबला, माईक थांबला, पुढारी मात्र तसेच सुरू. रफिकभाई कपाळ पुसत म्हणाले, "मशीनचा बंदोबस्त केला बाबा. ह्यांची तार कुठं हाय?"

*

मग मला हुशारी सुचली. रफिकभाईंचा ढोल मी मशीनमध्ये भरून घेतला. म्हटलं, उन्हाचं त्यांनी कशाला मरायचं? त्यात क्वांटाइझ नावाचं एक बटण आहे. ठोका थोडा मागेपुढे पडला असेल तर ते ओढून बरोबर जागेवर बसवतं. मी दाबलं. ढोल कसा पट्टीने आखल्यासारखा सरळ झाला!

दुसऱ्याच दिवशी परण्या होता. म्हणजे नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो आणि वाजतगाजत मंडपात येतो, ती मिरवणूक. आमच्याकडची घोडीही नुसती चालत नाही, ढोलावर पाय टाकत नाचते. त्यासाठीच तिची बोलावणी असतात.

मशीन सुरू केलं. घोडीने एक पाय उचलला. तो हवेत तसाच ठेवला. कान हलवले. पाय परत खाली ठेवला आणि उभी राहिली. नवरदेव टाचा मारतोय, मालक लगाम ओढतोय, पोरी हसताहेत, मुहूर्त चाललाय!

मी मालकाला म्हटलं, "अहो, ताल अगदी अचूक आहे. एक केसभर इकडेतिकडे नाही."

"तेच सांगून राह्यलो ना मी," तो म्हणाला. "तुमचं मशीन बराबर हाय. पण घोडी रफिकभाईवर शिकेल हाय!"

रफिकभाईंनी ढोल गळ्यात घातला. घोडी मंडपापर्यंत नाचत गेली. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला नाही, उलट माझ्याकडून दोन वेळा घेतला.

*

मामांची शिकवणी हा तर वेगळाच घोळ. राणीच्या लग्नाआधी मामा रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचे. पट्टी किती जोरात दाबली, त्याचा आकडा या मशीनवर दिसतो. हळू दाबली तर वीस-पंचवीस, जोरात दाबली तर एकशे सत्तावीस.

मामांनी अंगठ्याने पट्टी ठोकली. "अन् याच्यापेक्षा जोर लावला तर?"

"तरी एकशे सत्तावीसच. त्याच्यावर नाही."

"म्हंजे रागावलेला माणूस अन् लय रागावलेला माणूस, याला सारखाच?"

"हो."

"मंग यानं लगन केलं नसंल," मामा म्हणाले.

त्यांना सूर लावल्यावर तो हळूहळू फुगवायचा असायचा. ते पट्टी दाबून ठेवायचे आणि आणखी दाबायचे. मशीन ढिम्म. मी बाजूचं चाक फिरवून दाखवलं, तर सूर थरथरायला लागला. "अरे, याला थंडी वाजून आली!" म्हणत मामांनी हात मागे घेतला.

तरी माणूस जिद्दीचा. एका दुपारी त्यांनी पाठवणीची पूर्ण धून वाजवली आणि मी ती मशीनमध्ये भरून घेतली. मग क्लॅरनेटचा आवाज लावून सुरू केली. पट्ट्या हलत नव्हत्या. मामांचे हात मांडीवर. आणि धून चाललेली.

मामा मशीनकडे बघत राहिले. "हे कोण वाजवून राह्यलं?"

"तुम्हीच मामा."

"आवाज माझा हाय का?"

"नाही. आवाज मशीनचा."

"मंग माझं काय हाय ह्यात?"

मी गोंधळलो. "तुम्ही कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आन् कधी सोडली. एवढंच ठेवलंय त्यानं."

रफिकभाई मदतीला आले. "मामा, असं समझो. खत आपने लिखा, मशीन सिर्फ पढ़के सुनायेगा."

मामांनी चष्मा काढून पुसला. "रफिक, नातीला दारातून काढून देताना मी समोर उभा हाय. अन् तिला खत पाठवू का?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी तरीही पानं चाळत बसलो.

*

राणीचं लग्न परतूरलाच झालं. जालन्याचे डॉक्टर आवर्जून आले होते. मामांच्या हातात क्लॅरनेट बघून ते जेवणाच्या पंगतीतून उठूनच आले.

"मामा! हे काय?"

"नुसतं फोटोपुरतं हो. घराची रीत हाय, तोंडाला लावून उभं ऱ्हायचं. वाजवणार मशीन. विचारा ह्याला!"

मी मान हलवली. धून भरलेली होती, आवाज लावलेला होता, सगळी तयारी. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परत पंगतीत जाऊन बसले.

ऊन कलायला आलं. राणी आईच्या गळ्यात पडली. मामांनी दारापाशी उभं राहून क्लॅरनेट ओठांना लावलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

आणि काय सांगू! धून सुरू झाली, तशी ती दुकानात कधीच वाजली नव्हती. सूर फुगत होता, ओसरत होता, कुठे जरासा फाटत होता. राणी वळली आणि आजोबांकडे बघत उभीच राहिली. बाया पदराला डोळे पुसायला लागल्या. माझी तर छाती फुगली. म्हटलं, शिकलो आपण मशीन!

रफिकभाई कानाशी आले. "आवाज थोडा वाढव. मागं जात न्हाई."

मी वाढवला. फरक नाही. आणखी वाढवला. फरक नाही. बटण शेवटपर्यंत फिरवलं, तरी आवाज जेवढा होता तेवढाच! भोंग्याकडे पाहिलं. मग खाली मशीनच्या पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर लिहिलेलं होतं, एक्स्टर्नल क्लॉक. म्हणजे तालाचं दुसरं मशीन ठोका देईल तेव्हाच मी सुरू होईन. तालाचं मशीन गाडीत, गोणपाटाखाली, बंद. धुनेचा आकडा पहिल्यावरच उभा. मशीन सुरूच झालं नव्हतं.

मी वर पाहिलं. मामांचे डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. मी धावणार तोच रफिकभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचेही डोळे वाहत होते.

"चलने दे," ते म्हणाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा धून थांबली. मामा खुर्चीत बसले. कोणीतरी पाणी दिलं. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, आणि चेहरा असा, की मी त्यांना इतकं खूश आधी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर हात पुसत आले. माझ्याच पाठीवर थाप. "वा! काय हुबेहूब वाजलं हो तुमचं मशीन! बरं झालं घेतलंत, मामांना आराम. पण एक कळलं नाही. ते मधूनमधून दम का खात होतं?"

मी रफिकभाईंकडे पाहिलं. रफिकभाईंनी भोंग्याकडे पाहिलं.

मामा क्लॅरनेट पुसून पेटीत ठेवत होते. मान वर न करता म्हणाले, "जुनं मॉडेल हाय, डाक्टरसाहेब."